रसायनशास्त्राच्या तासाला जर्मन: आपल्या कॉलेजांत हे जमण्यासारखं आहे का?

अनुस्वार | रविवार, रात्री १०:५२

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. चौदा वर्षं झाली. भाषांशी माझा संबंध इथे येऊन ऱ्हस्व-दीर्घावरून भांडण्यापुरताच. तर गेल्या महिन्यात एसवायच्या वर्गात ई-झेड नामकरण चाललं होतं. बारावीनंतर ज्यांनी केमिस्ट्रीला रामराम ठोकला त्यांच्यासाठी: दुहेरी बंधाच्या दोन्ही कार्बनांवरचे वरचढ गट एकाच बाजूला असतील तर तो रेणू झेड, विरुद्ध बाजूंना असतील तर ई. मुलं दरवर्षी इथे आपटतात आणि त्यात त्यांची फारशी चूकही नसते. झेड अक्षराची टोकं विरुद्ध दिशांना पळतात. ईची तिन्ही बोटं एकाच बाजूला. म्हणजे अक्षराचा आकार एक सांगतो आणि अर्थ नेमका उलटा. यावर शिक्षकांचा पिढीजात उपाय म्हणजे ‘झेम झाईड’, ‘सेम साईड’चा बोबडा अवतार. मीही तोच सांगत होते.

तेवढ्यात शेवटून दुसऱ्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, ते त्सुझामेन आहे.”

हा मुलगा जुन्नरकडचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. दीड वर्षात माझ्या तासाला त्याने तोंड उघडलेलं मला आठवत नाही. सकाळी सातच्या बॅचला जर्मन शिकतो आणि तिथून धावतपळत कॉलेज गाठतो, हे मला त्या दिवशी कळलं. म्हटलं, ये पुढे, तूच सांग. त्याने फळ्यावर दोन शब्द लिहिले. त्सुझामेन, एकत्र. एन्टगेगेन, विरुद्ध. मग वर्गाकडे वळून म्हणाला, “जर्मनीत हॉटेलात बिलाच्या वेळी वेटर विचारतो, त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट? म्हणजे सगळ्यांचं एकत्र, का वेगवेगळं?” (तो जर्मनीला गेलेला नाही. हे धड्यातलं.) मागून कोणीतरी ओरडलं, “टीटीएमएम!” (तुझं तू, माझं मी) आणि वर्ग फुटला.

परवाच्या चाचणीत या प्रश्नावर नेहमीपेक्षा बरीच कमी मुलं चुकली. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, पेपर तपासताना लाल पेन कमी चाललं एवढंच.

मला चटकच लागली. पुढच्या आठवड्यात फळ्यावर ऑक्सिजनची चार नावं लिहिली. जर्मन ‘झाउअरश्टोफ’, म्हणजे आम्लाचा पदार्थ. जपानी ‘सान्सो’, आम्लाचं मूलद्रव्य. चिनी ‘यांग’, जे पोषण करणे या अर्थाच्या शब्दावरून आलं. आणि आपला प्राणवायू. विचारलं, दोघांना यात आम्ल कुठून दिसलं? पाच मिनिटं नुसता गोंगाट. मग फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिएपर्यंत पोचलो. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच अशी त्याची खात्री होती, म्हणून त्याने ग्रीक शब्द जोडून ‘आम्ल निर्माण करणारा’ या अर्थाचं नाव घडवलं. जर्मनांनी त्याचं शब्दशः भाषांतर केलं. पुढे हम्फ्री डेव्हीने दाखवलं की हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा लवलेश नाही, पण तोवर नाव रुळलेलं. जपानमध्ये उदागावा योआन यांनी डच ग्रंथांवरून ‘सेइमी काइसो’ हा रसायनशास्त्राचा मोठा ग्रंथ रचला, तो १८३७ पासून छापला गेला. लाव्हाझिएची चूक अशी डच पुस्तकांत बसून जपानला उतरली आणि तिथल्या शाळकरी पोरांच्या तोंडी आजही आहे. नायट्रोजनचंही तसंच. जर्मन ‘श्टिकश्टोफ’ म्हणजे गुदमरवणारा, जपानी ‘चिस्सो’ म्हणजेही तेच.

एक मुलगी म्हणाली, “मॅडम, म्हणजे आपलं आणि चिनी नावच बरोबर.” दुसरी म्हणाली, “आपण फक्त श्वास घेणाऱ्याचा विचार केला, जळणाऱ्याचा कुठे केला?” आम्लांच्या व्याख्या मी इतकी वर्षं शिकवतेय, पण त्यावर असा वाद माझ्या वर्गात पूर्वी झाला नव्हता.

एकूण वेळ, वीस मिनिटं. खर्च, खडू.

नंतर वाचताना कळलं की बाहेरच्या काही विद्यापीठांत हे पद्धतशीर चालतं. भाषा भाषा-विभागात कोंडून न ठेवता इतिहास, अर्थशास्त्र, इंजिनिअरिंग अशा विषयांच्या पोटातच तिची जागा करतात. पुण्यात तर परकीय भाषांची जत्रा आहे. फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट, मॅक्सम्युलर भवन, आलियाँस फ्राँसेज, गल्लोगल्ली जपानीचे क्लास. माझ्या वर्गातली किती मुलं संध्याकाळी काय शिकतात याची मी कधी चौकशीच केली नव्हती.

तर प्रश्न असे: तुमच्या विषयात असं काही सापडलंय का? आणि ज्या शिक्षकाला ती भाषा येत नाही (म्हणजे मी) त्याने हे करावं का?

---

खोडवा | रविवार, रात्री ११:२०

वा! वनस्पतीशास्त्रात तर हे पाचवीला पुजलेलं. १९३५ पासून २०११च्या अखेरपर्यंत नवी वनस्पती जाहीर करायची तर तिचं लॅटिन वर्णन सक्तीचं होतं. २०१२ पासून इंग्रजी चालायला लागलं. आमच्या सरांनी त्या चार ओळींच्या लॅटिनसाठी खाल्लेले धक्के आम्ही पाहिलेत.

मी मुलांना एवढंच सांगतो: शेवटी ‘एन्सिस’ दिसलं की आपला ‘कर’ समजा. सेरोपेजिया पांचगणीएन्सिस, म्हणजे पाचगणीकर. आणि सेरोपेजिया महाबळेइ मधला शेवटचा ‘इ’ म्हणजे षष्ठी. महाबळ्यांची. पुणे विद्यापीठातले प्रा. महाबळे. एकदा हे सांगितलं की नावं पाठ करायला लागत नाहीत, मुलं स्वतःच फोड करतात.

---

धागादोरा | रविवार, रात्री ११:४१

वाचतेय. टीटीएमएमला जोरात हसले.

---

पाटीपुराण | सोमवार, सकाळी ७:१५

अनुस्वार ताई, लेख छान, पण जरा थंड पाणी ओततो.

एक, तुमच्या वर्गात तो मुलगा होता म्हणून जमलं. तो नसता तर? दोन, मीही शिकवतो (वाणिज्य). नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर, ओई, एईसी, व्हीएससी, आयकेएस ही अक्षरं जुळवता जुळवता आमचं वेळापत्रक तीनदा बदललं. दोन क्रेडिट म्हणजे तीस तास. त्यात सुट्ट्या, निवडणुकीची कामं, युवा महोत्सव. पोर्शन कुठून संपवायचा? तीन, निम्मे सहकारी सीएचबीवर. तासाला पैसे मिळणाऱ्या माणसाला ‘जरा जपानीही घुसव’ असं कुठल्या तोंडाने सांगणार?

आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडे गावाकडून आलेल्या मुलांची इंग्रजीतच दमछाक होते. त्यांच्या डोक्यावर आणखी एक भाषा?

असले उपक्रम शेवटी कुठे जातात तेही पाहिलंय. एका कॉलेजात परकीय भाषेचा तीस तासांचा सर्टिफिकेट कोर्स झाला. म्हणजे बॅनर झाला, दीपप्रज्वलन झालं, फोटो नॅकच्या (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) फायलीत गेले. तास किती झाले ते विचारू नका.

---

चाकणचा_चिकू | सोमवार, सकाळी ९:०५ (कंपनीच्या बसमधून)

पाटीपुराण काका, बॅनरवाल्या मुद्द्याला +१. पण माझा अनुभव वेगळा आहे.

प्रॉडक्शन इंजिनिअरिंग शिकताना आम्ही ‘पोका-योके’ दोन मार्कांसाठी पाठ केलं. चूक होऊच नये अशी रचना. उदाहरण: प्लग एकाच बाजूने बसतो. झालं. नोकरीला लागल्यावर एका जपानी सरांकडून कळलं की मूळ शब्द ‘बाका-योके’ होता. बाका म्हणजे मूर्ख. थोडक्यात मूर्खरोधक. १९६०च्या दशकात शिगेओ शिंगो एका कारखान्यात ही पद्धत समजावत होते, तेव्हा एका कामगार बाईंना रडू आलं, मी काय इतकी मूर्ख आहे का म्हणून. शिंगोंनी शब्द बदलला. ‘पोका’ म्हणजे अनवधानाने झालेली चूक. दोष माणसाचा नाही, कामाच्या मांडणीचा.

ही गोष्ट मला कॉलेजात सांगितली असती तर मी लाइनवर पहिले सहा महिने ऑपरेटरवर ओरडत फिरलो नसतो. पाच-एसचे (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची जपानी पद्धत) बोर्ड आमच्याकडे प्रत्येक खांबावर आहेत, पण ते शब्द घोकल्याने काही होत नाही.

आणखी एक. आमच्या टीममधल्या एकाने जपानीची एन-थ्री काढली. हुशार. पण त्या परीक्षेत बोलण्याचा भागच नसतो, वाचन आणि ऐकणं एवढंच. पहिल्याच मीटिंगमध्ये आम्ही किमतीचा प्रस्ताव ठेवला, समोरून उत्तर आलं ‘केन्तो शिमासु’. पठ्ठ्याने भाषांतर केलं, “ते तपासून बघतो म्हणतायत.” आम्ही खूश. महिनाभर वाट पाहिली. नंतर उमगलं की तो सभ्य नकार होता. खरं तर पुणेकराला हे लगेच कळायला हवं होतं. आपण ‘बघू, कळवतो’ म्हणतो तेव्हा काय असतं?

---

तोतीते | सोमवार, दुपारी १:३०

मी जर्मन शिकवते, बावीस वर्षं. आयडी त्यावरूनच. डेर-डी-दास शिकताना इंग्रजी माध्यमाची मुलं डोकं धरून बसतात आणि मराठी मुलं म्हणतात, “हां, तो-ती-ते.” तीन लिंगं आपल्या तोंडात जन्मापासून आहेत, आणि टेबल पुल्लिंगी का असा वेडगळ प्रश्न त्यांना पडत नाही. तू आणि तुम्ही मधला फरकही शिकवावा लागत नाही. पाटीपुराण यांच्या चौथ्या मुद्द्याला माझं हे उत्तर. इंग्रजीत जो मुलगा दहा वर्षं मागे पडलेला असतो, तो जर्मनच्या पहिल्या दिवशी सगळ्यांच्या बरोबरीने उभा असतो. कॉन्व्हेंटवाल्यालाही शून्यच येत असतं. त्या जुन्नरच्या मुलाने तोंड का उघडलं, याचं कारण बहुधा तिथे आहे.

पण अनुस्वार, एक तक्रारही. विषयाचे शिक्षक आमच्याकडे येतात ते डिक्शनरी हवी म्हणून. “मॅडम, या पेपरचं जरा मराठीत सांगा ना.” एका गृहस्थांनी तर ए-वनच्या, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या, मुलांना संशोधन-निबंध वाचायला द्यायचं ठरवलं होतं. ए-वनचा मुलगा दुकानात सफरचंदं मागू शकतो, एवढंच. त्याला निबंध दिलात तर तो फोनमध्ये ढकलणार आणि आलेलं तुम्हाला आणून देणार. तुम्ही केलंत तसं, शब्दाच्या पातळीवर, एखाद्या लेबलवर, एका वाक्यावर, हे ए-वनवाल्याला झेपतं. त्याच्या पुढचं असेल तर भाषेचा शिक्षक शेजारी हवा, आणि त्याला त्याचे तासाचे पैसेही हवेत.

जाता जाता: तुमच्या प्रयोगशाळेत जुन्या जर्मन बाटल्या असतील तर लेबलं बघा. जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष.

---

मोडी_मोडकी | सोमवार, रात्री ९:४८

माझा विषय अठराव्या शतकातले मराठे. लांब लिहितो, माफ करा.

पेशवाईतल्या कागदांवर तारीख कशी असते ते इथल्या काहींना माहीत असेल. ‘खमस सबैन मया व अलफ’. हा शुहूर सन, आकडे अरबी शब्दांत. एमएला आम्हाला याचा तक्ता दिला: इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार... पाढ्यासारखा घोकला. पाच, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, आलं १७७४-७५. गणित जमायचं, शब्द मेलेले वाटायचे.

कोंढव्यात राहत असताना शेजारच्या खोलीत येमेनचा एक मुलगा होता, एमबीए करणारा. एकदा माझ्या वहीत डोकावला. मी त्याला ते मोठ्याने वाचून दाखवलं. तो उडालाच. “तू अरबी कधी शिकलास?” मग त्याने तीच तारीख त्याच्या उच्चारात म्हटली, मध्ये ‘व’ घालत घालत, आणि मला जाणवलं की हा तक्ता नाहीच, कोणाची तरी रोजची मोजणी आहे. भाजी घेताना तो हेच म्हणत असणार. आधी पाच, मग सत्तर. पंचाहत्तर! आपल्यासारखंच. तोतीते ताई सांगतीलच की जर्मनमध्येही पाच आधी येतो. (अवांतर: २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ आणलं तेव्हा इथे दोन हजार प्रतिसादांची लढाई झाली होती. आज नको.)

त्यानंतर दर शुक्रवारी संध्याकाळी तो मला अर्धा तास अरबी अक्षरं शिकवायचा, मी त्याला मराठी, रिक्षावाल्याशी बोलण्यापुरतं. त्या अक्षरांवरून पुढे फारसीकडे वळलो. मराठ्यांच्या इतिहासाची बरीच साधनं फारसीत. भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खऱ्यांनी फारसी साहित्याचे खंड काढले, सेतुमाधवराव पगडींनी फारसीतून एवढं मराठीत आणलं, पण आमच्या वर्गातले बहुतेक जण त्या अनुवादांवरच थांबतात. पोर्तुगीज साधनांचं नाव काढलं की सगळे गोव्याकडे बोट दाखवतात.

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. हे आम्ही अभिमानाने लिहितो. पण जो शब्द बदलला त्याची छटा काय होती हे कळायला फारसी यायला नको? पर्याय देणाऱ्यांना ती चांगलीच येत होती.

माझं म्हणणं एवढंच की शिक्षक शोधायला लांब जायची गरज नाही. पुण्यात इराण, येमेन, सुदान, अफगाणिस्तानातून आलेली मुलं आहेत. कॉलेजं त्यांना वर्षातून एकदा ‘आंतरराष्ट्रीय दिना’ला झगमगीत पोशाखात स्टेजवर उभं करतात. वर्गात त्यांना कोणी काही विचारत नाही.

---

दूरदेशी | सोमवार, रात्री ११:३०

मोडी_मोडकी यांनी जे अपघाताने केलं तेच इथे अमेरिकेत ठरवून केलेलं आहे. न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन विद्यापीठात १९९०च्या दशकापासून. नेहमीचाच कोर्स, समजा जागतिक अर्थव्यवस्था. ज्याला स्पॅनिश किंवा चिनी येते त्याने त्या भाषेच्या छोट्या गटात बसायचं. आठवड्यातून एकदा भेट, थोडं वाचन, चर्चा. गट चालवतात ते बरेचदा त्या देशातून आलेले पदव्युत्तर विद्यार्थी. मूळ प्राध्यापकाला ती भाषा यायलाच हवी अशी अट नाही. अनुस्वार, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे.

दुसरं टोक ऱ्होड आयलंड विद्यापीठाचं. १९८७ पासून इंजिनिअरिंग आणि जर्मन अशा दोन पदव्या पाच वर्षांत, त्यात एक सत्र जर्मनीत शिक्षण आणि सहा महिने तिथल्या कंपनीत काम. ते महागडं प्रकरण आहे. पण पहिलं मॉडेल पुण्यात उद्या सुरू होऊ शकतं.

एक सांगायला हवं, इथेही सगळं आलबेल नाही. पैसे आटले की आधी भाषाच कापतात.

---

कलम_एकोणऐंशी | मंगळवार, सकाळी ८:२०

कायद्याच्या वर्गातला किस्सा. केशवानंद भारती खटला, २४ एप्रिल १९७३, मूलभूत संरचना (घटनेचा गाभा संसदेला दुरुस्तीनेही बदलता येत नाही), हे मुलांना झोपेतही म्हणता येतं. त्यामागे हायडेलबर्गचे प्रा. डीटर कॉनराड होते हे थोड्यांना माहीत असतं. त्यांनी १९६५ साली बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान दिलं: घटनादुरुस्तीच्या अधिकाराला अंगभूत मर्यादा असतात. त्याच्या पाठीशी जर्मन मूलभूत कायद्याचं कलम ७९(३) होतं. काही गोष्टी दुरुस्तीनेही बदलता येणार नाहीत. हिटलरच्या काळातून पोळून निघालेल्यांनी १९४९ मध्ये लिहिलेलं.

त्या ‘काही गोष्टीं’मध्ये पहिलं कलम येतं. इंग्रजी भाषांतरात लिहिलंय, माणसाची प्रतिष्ठा ‘इनव्हायोलेबल’ आहे. मुलं लिहून घेतात आणि पुढे जातात. या वर्षी मी मूळ जर्मन वाक्य फळ्यावर लिहिलं आणि जर्मन शिकणाऱ्या मुलीला म्हटलं, शेवटच्या शब्दाची फोड कर. ‘उनआन्टास्टबार’. तिने मागून सुरुवात केली. बार म्हणजे करता येण्यासारखं. आन्टास्टन म्हणजे हात लावणं, स्पर्श करणं. उन म्हणजे नाही. मग ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, “सर, हे तर... अस्पृश्य.”

वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. तिथे माणसाच्या प्रतिष्ठेला कोणी हात लावायचा नाही म्हणून जो शब्द, त्याच घडणीच्या शब्दाने इथे माणसांनाच हजारो वर्षं लांब ठेवलं. आपल्या घटनेचं अस्पृश्यता नष्ट करणारं सतरावं कलम त्या दिवशी मला वेगळं शिकवावं लागलं नाही. मुलंच तासभर बोलली, त्यातली दोन जण आपापल्या आजोबांबद्दल.

दूरध्वनीतलं भाषांतर-यंत्र ‘इनव्हायोलेबल’ म्हणून मोकळं झालं असतं. भाषांतर बरोबरच आहे. तास मात्र झाला नसता.

---

धागादोरा | मंगळवार, सकाळी ८:५१

काटा आला.

---

सदाशिवपेठी | मंगळवार, सकाळी १०:१०

जर्मन झालं, जपानी झालं, अरबी-फारसी झालं. मराठीचं काय? विज्ञान मराठीतून शिकवायला पुस्तकं नाहीत आणि निघाले त्सुझामेन करायला. पुण्यात पाच-पाच वर्षं राहून ‘भैया, किधर’ म्हणणाऱ्यांना आधी मराठी शिकवा.

---

तोतीते | मंगळवार, सकाळी १०:४०

सदाशिवपेठी, आलात का! वाटच बघत होते.

---

अनुस्वार | मंगळवार, रात्री १०:१५

किती छान प्रतिसाद. एकेकाला उत्तर देते, जमेल तसं.

सदाशिवपेठी, चिडून लिहिलंत पण मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. ऑक्सिजनच्या तासाला एक गंमत झाली होती, मूळ लेखात लिहायची राहिली. वर्गात दोन मुली मणिपूरच्या आहेत. प्राणवायू शब्द त्यांना आम्हीच फोडून सांगितला, प्राण आणि वायू. त्यांनी वहीत लिहून घेतला. माझ्या वर्गात मराठी शब्द कोणी ‘शिकण्यासारखा’ म्हणून लिहून घेतल्याचं मी प्रथमच पाहिलं. एरवी आम्ही प्राणवायू म्हटलं की आपलीच पोरं हसतात, शाळेतलं पुस्तक आठवून. जर्मन आणि चिनीच्या रांगेत उभा केल्यावर कोणी हसलं नाही. मराठीतून पुस्तकं हवीत याबद्दल तुमच्याशी माझं भांडण नाहीच.

पाटीपुराण, तीस तासांचा हिशेब तुम्ही बरोबर मांडलात. म्हणून मी ओई, अभ्यास मंडळ वगैरे भानगडीत पडत नाहीये. तिथे गेलं की बॅनर येतो. पुढच्या सत्रात गुरुवारच्या तासाची शेवटची पंधरा मिनिटं, महिन्यातून दोनदा. विषयही फक्त चार काढलेत: मूलद्रव्यांच्या संज्ञा (सोडियमला एनए का, टंगस्टनला डब्ल्यू का), ई-झेड, ऑक्सिजनची नावं आणि बाटल्यांवरची लेबलं. टंगस्टन हा स्वीडिश शब्द, ‘जड दगड’ असा अर्थ, आणि संज्ञा मात्र जर्मन वोल्फ्रामची, हे मलाच परवा कळलं. चाराच्या वर मला नकोत. जिथे धड्यातच भाषेची गाठ पडलेली आहे तिथेच ती सोडवायची, ओढूनताणून नाही. आवर्तसारणी शिकवताना फ्रेंच संस्कृतीवर भाषण मी देणार नाही.

सीएचबीचा मुद्दा मात्र माझ्याकडे सुटत नाही. मी कायम नोकरीत आहे म्हणून पंधरा मिनिटं उधळू शकते. माझ्या शेजारच्या केबिनमधली मुलगी नाही उधळू शकत. मोडी_मोडकी म्हणतात तसं परदेशी विद्यार्थ्यांना बोलवायचं, तर त्यांनाही फुकट राबवणं बरं नाही. आमच्याकडे ‘कमवा आणि शिका’ योजना आहे, त्यातून काही मानधन काढता येतं का ते विचारतेय. अजून उत्तर आलेलं नाही. ‘बघू, कळवतो’ असं आलंय. (चिकू, कळलं मला.)

जुन्नरच्या पठ्ठ्याला विचारलं, चारही वेळा तू घेशील का. त्याने पहिला प्रश्न केला, “मॅडम, याला इंटर्नलचे मार्क आहेत?” म्हटलं नाहीत. विचार करून सांगतो म्हणाला. आज होकार आला, पण अट घालून. बोलायचं मराठीतून.

---

तोतीते | मंगळवार, रात्री १०:३३

त्याला म्हणावं, शब्दांचे उच्चार आधी मला फोनवर म्हणून दाखव. पैसे नकोत, बाकरवडी चालेल. आणि बाटल्या बघितल्यात का?

---

अनुस्वार | बुधवार, दुपारी ४:०५

बघितल्या. आजच.

स्टोअररूममध्ये सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या तराजूच्या मागे, तपकिरी काचेची एक बाटली. काळं लेबल, त्यावर कवटी होती, ती जवळजवळ पुसलेली, आणि खाली ठसठशीत रोमन अक्षरांत गिफ्ट. निम्मी भरलेली. आमच्या लॅबच्या मामांना विचारलं, ही इथे कशी? म्हणाले, “मॅडम, ती पूर्वीच्या सरांना कोणीतरी भेट दिलेली आहे. म्हणून मी दर दिवाळीला पुसून परत ठेवतो.”

---

कलम_एकोणऐंशी | बुधवार, दुपारी ४:२०

हात लावू नका तिला. उनआन्टास्टबार.

---

चाकणचा_चिकू | बुधवार, संध्याकाळी ६:४० (परतीच्या बसमधून)

मामांना कोणी काही बोलू नका हं, लेबलाची चूक आहे. विल्हेवाट लावणारे येईपर्यंत आधी त्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत मराठीत ‘विष’ लिहा.